डिस्पोजलची निस्सान: जॅक कुठे लावू, पावसाळाभर कशी उभी करू, कशी बांधून ठेवू?

देवराई

नमस्कार मंडळी. आम्ही पाटण तालुक्यातले, कोयनेच्या खोऱ्यातले. यंदा एका लाकडाच्या ठेकेदाराकडून मिलिटरी डिस्पोजलची, म्हणजे लष्कराने लिलावात काढलेली, जुनी निस्सान वन-टन (एक टनी छोटा ट्रक) घेतली आहे. लिलावातून सुटून तिला बरीच वर्षं झाली. नोंदणी मुलकी आहे, कागद चोख आहेत. मूळचं पेट्रोल इंजिन काढून ठेकेदाराने डिझेल बसवलं होतं. चेसिस, स्प्रिंगा, एक्सल बघितले, कुठे तडा नाही. ही गाडी भंगारात जाऊ नये असं मनापासून वाटलं म्हणून घेतली. हळूहळू मूळ रूपात आणायची इच्छा आहे.

सध्या अडचण वेगळी आहे. चारही टायर तडकले आहेत, ते बदलायचे आहेत. त्यानंतर पावसाळाभर गाडी हलणार नाही. आमच्याकडे पाऊस कसा पडतो हे सांगायला नको. जागा जांभ्या मुरमाची आहे आणि खालच्या अंगाला उतरती. उताराखाली चुलत्यांचा गोठा आहे.

गावातला गॅरेजवाला पोरगा म्हणतो, "हॅन्डब्रेक ओढायचा, गिअरमध्ये टाकायची आणि जॅक लावायचा." मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही हे सांगताही येत नाहीये. ज्यांनी असल्या गाड्या हाताळल्यात त्यांनी सविस्तर लिहा.

घाटवळण

अभिनंदन! फार गुणी गाडी. शक्तिमान ट्रक, जोंगा ही जीपगाडी आणि ही निस्सान, तिन्ही जबलपूरच्या लष्करी कारखान्याची लेकरं. शक्तिमान १९५९ पासून जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर निघायला लागला. जोंगाचं तर नावच जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्लीच्या आद्याक्षरांवरून पडलं. सह्याद्रीत लाकूड ओढायला, बंद पडलेल्या गाड्या काढायला, बोअरवेलचं सामान वाहायला या गाड्यांनी हयात घालवली. मी स्वतः अशी गाडी बरीच वर्षं चालवली आहे.

आम्ही हॅन्डब्रेक, पहिला गिअर आणि मागच्या चाकाला एक मोठा दगड लावायचो. त्यावर काम व्हायचं. फार डोक्याला लावून घेऊ नका.

जुना_फौजी

घाटवळण साहेबांच्या अनुभवाचा मान राखून सांगतो, तो दगड होता म्हणून काम होत होतं. हॅन्डब्रेक आणि गिअर यांनी जॅक लावताना काहीच केलं नसेल अशी दाट शक्यता आहे.

मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती विभागात, व्हेईकल मेकॅनिक होतो. एलएडीत (पलटणीबरोबरच्या छोट्या दुरुस्ती पथकात), वर्कशॉपमध्ये याच गाड्यांखाली नोकरी गेली. देवराई, तुम्हाला जे पटत नाहीये त्याचं कारण सांगतो.

तुमच्या मोटारीत किंवा साध्या जीपड्यात हॅन्डब्रेक ओढला की केबल मागच्या दोन्ही चाकांच्या ड्रमपर्यंत जाते. चाक धरलं जातं. जुन्या लष्करी फोर-बाय-फोर गाड्यांत बऱ्याचदा तसं नसतं. विलीज जीपपासून ही पद्धत आहे: हॅन्डब्रेकचा एकच ड्रम ट्रान्स्फर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टच्या (ती ताकद एक्सलपर्यंत नेणाऱ्या लांब दांड्याच्या) तोंडाशी बसवलेला. तो शाफ्ट धरतो, चाक धरत नाही. शाफ्ट आणि चाक यांच्यामध्ये डिफरन्शियल असतं, म्हणजे एक्सलच्या मधली, दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी दातेरी चक्रांची जुळणी.

डिफरन्शियलचा स्वभाव असा आहे. शाफ्ट पक्का धरला तरी डावं चाक पुढे फिरलं तर उजवं तेवढंच मागे फिरू शकतं. दोन्ही चाकं जमिनीवर असताना तसं होत नाही, कारण गाडी सुटायची तर दोघांनाही एकाच दिशेला जावं लागतं. म्हणून हॅन्डब्रेक पकडतो. आता एक मागचं चाक जॅकवर उचला. उचललेलं चाक हवेत मोकळं. ते उलटं फिरायला तयार, म्हणून जमिनीवरचं चाक सुलटं फिरायला मोकळं. हॅन्डब्रेक शेवटच्या दातापर्यंत ओढलेला आहे आणि गाडी जॅकवरून सरकते आहे, असं चित्र होतं. गिअरचंही तेच, कारण गिअरसुद्धा शाफ्टलाच धरतो.

यातली सगळ्यात घातक गोष्ट अशी की हाताने तपासलं तर कळत नाही. एक चाक उचलून तुम्ही ते फिरवून बघाल. फिरणार नाही, कारण पलीकडचं चाक जमिनीने धरलंय. तुम्हाला वाटेल हॅन्डब्रेक पक्का आहे. खरी गोष्ट बघायची असेल तर पुढची दोन्ही चाकं दोन्हीकडून ठोकळ्यांनी बंद करा, मागचा एक्सल दोन स्टँडवर घ्या, हॅन्डब्रेक पूर्ण ओढा आणि मग डावं चाक हाताने फिरवा. उजवं चाक उलटं फिरताना दिसेल. वर्कशॉपमध्ये नवीन पोरगा आला की त्याला आधी हे दाखवायचो. एकदा डोळ्यांनी बघितलं की माणूस परत हॅन्डब्रेकच्या भरवशावर गाडीखाली जात नाही.

तेव्हा आधी गाडीखाली डोकावून बघा. हॅन्डब्रेकची दांडी किंवा केबल कुठे जाते? मागच्या चाकांकडे की मधल्या ड्रमकडे? बघून इथे सांगा. पुढचं मग लिहितो.

वाचक_कोल्हापूर

उत्तम माहिती. वाचनखूण साठवली आहे. माझ्या जीपमध्येही तो मधला ड्रम आहे. इतकी वर्षं वापरतोय, पण हा हिशेब कोणी समजावला नव्हता.

घाटवळण

फौजी साहेब, मान्य. पण पुढचा एक्सल जोडून ठेवला तर? फोर-व्हीलमध्ये टाकली की पुढची चाकंही धरली जातात ना?

जुना_फौजी

अगदी बरोबर मुद्दा काढलात. या गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्स्फर केसमध्ये थेट जोडले जातात. फोर-व्हील लावली की मधल्या ड्रमने पुढचा शाफ्टही धरला जातो. पुढची दोन्ही चाकं जमिनीवर असल्यामुळे ती गाडीला सुटू देत नाहीत. म्हणून मागचं चाक उचलायच्या आधी फोर-व्हील जोडायचीच. पुढे फ्री-व्हील हब (पुढची चाकं एक्सलपासून मोकळी करणारे हब) बसवले असतील तर तेही लॉक करायचे.

पण दोन गोष्टी बघा. पहिली, डिस्पोजलनंतर पुष्कळ ठेकेदार पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढूनच टाकतात. वेगळं इंजिन बसवताना तो आडवा येतो, किंवा डिझेल वाचेल म्हणून काढतात. आत दांडी फोर-व्हीलवर आणि खाली शाफ्टच नाही, अशी गाडी मी बघितली आहे.

दुसरी गोष्ट ट्रान्स्फर केसची. तिला हाय आणि लो यांच्यामध्ये न्यूट्रल असतं, विंच (गाडीवरचं दोर ओढायचं यंत्र) चालवताना लागतं ते. ती छोटी दांडी न्यूट्रलवर राहिली तर मुख्य गिअर पहिल्यात असो की रिव्हर्समध्ये, इंजिनचा चाकांशी संबंध तुटलेला असतो. गिअरमध्ये टाकलेली गाडी उतारावरून निवांत चालू लागते. गाडी उभी करताना दांडी लोमध्ये ढकलायची आणि गाडी किंचित पुढेमागे होऊ देऊन दात बसल्याची खात्री करायची.

देवराई

आत्ताच टॉर्च घेऊन खाली जाऊन आलो. फौजी काका, तुम्ही म्हणालात तेच. हॅन्डब्रेकची दांडी मधल्या ड्रमकडेच जाते, ट्रान्स्फर केसच्या मागे. ड्रमवर तेलाचा जाड थर आहे, बहुतेक सील गळतंय. आणि पुढचा शाफ्ट नाहीये! फ्लँजला कापडी पिशवी बांधून ठेवली आहे.

म्हणजे आमच्या गाडीला एक मागचं चाक उचललं की धरणारं काहीच उरत नाही?

जुना_फौजी

होय. तेलकट ड्रम म्हणजे एरवीसुद्धा अर्धाच ब्रेक. या गाडीला तुम्ही लाकडाने आणि जमिनीने धरायचं. बाकी सगळं जादाचं समजायचं.

उताराचा जोर किती असतो ते सांगतो. दहा फुटांत एक फूट उतार असेल तर तीन टनांची गाडी सुमारे तीनशे किलोच्या जोराने खाली ओढ घेते. तेवढा जोर तुमचा ठोकळा सतत पेलत असतो.

ठोकळा बाभळीचा किंवा सागाचा, पाचरीच्या आकाराचा कापून घ्या. उंची टायरच्या उंचीच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी, रुंदी टायरएवढी. गोल दगड लावू नका. टायर त्याच्यावर चढतो किंवा त्याला बाजूला उडवतो. ओल्या जांभ्यावर गुळगुळीत लाकूड सरकतं, म्हणून खालच्या बाजूला अँगलचा तुकडा दात खाली करून ठोका. दोन ठोकळे दोरीने जोडून चाकाच्या पुढे आणि मागे, असे एका चाकाला बसवायचे. फौजेत प्रत्येक गाडीबरोबर ठोकळे टांगलेलेच असायचे आणि एमटी पार्कमध्ये (गाड्या उभ्या करायच्या तळावर) सपाट जागेवरसुद्धा लावायचे. गाडी उभी केली की ड्रायव्हर उतरून ठोकळा लावणार, मगच बाकीचं काम.

जॅक लावायला मात्र उतारावर जाऊच नका. आधी गाडी सपाट, कडक जागी आणा. गावात शाळेचं पटांगण असेल, सोसायटीच्या गोदामासमोरचा काँक्रीटचा कट्टा असेल, तिथे परवानगी घेऊन टायरचं काम उरका आणि मग गाडी घरी न्या.

टायरवाला_कराड

देवराई भाऊ, चाकं खोलायच्या आधी माझं ऐका. जॅकपेक्षा रिंगनं माणसं जास्त गेलीत.

जुन्या गाड्यांच्या डिस्क, म्हणजे टायर बसतो ती लोखंडी चाकं, दोन तऱ्हेच्या मिळतात. एकीत लॉक रिंग असते, बाजूला फट असलेली पोलादी कडी. दुसरी तऱ्हा दोन अर्ध्या डिस्क नटांनी एकमेकींना जोडलेल्या, ती खास मिलिटरीची. या दुसऱ्या तऱ्हेत चाकावर नटांची दोन वर्तुळं दिसतात. एक वर्तुळ चाक हबला धरतं, दुसरं डिस्कचे दोन अर्धे एकत्र धरतं. टायरमध्ये हवा असताना चुकीचं वर्तुळ सोडलं तर शेवटच्या एक-दोन नटांना डिस्क फाटते आणि समोरच्या माणसाच्या तोंडावर येते. हे मी ऐकीव सांगत नाही.

म्हणून नियम असा. चाकाच्या कुठल्याही नटाला पाना लावायच्या आधी व्हॉल्व्हची पिन काढायची आणि हवा पूर्ण जाऊ द्यायची. पिन काढल्यावर भोकात बारीक तार घालून बघायची, कारण गंजाचा कपचा अडकून हवा थांबलेली असते. तडकलेल्या टायरला तर हे हवंच. तुम्ही टायर टाकूनच देणार आहात, हवेचा मोह कशाला?

आणखी एक. जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. स्टडच्या टोकावर एल कोरलेला दिसतो. गंज असेल तर तारेच्या ब्रशनं घासून बघा. पोरं नळी लावून जोर करतात, नट सुटण्याऐवजी आवळत जातो आणि स्टड तुटतो. या गाडीचे स्टड आता सहज मिळत नाहीत.

नवीन टायर भरताना लॉक रिंग असलेली डिस्क लोखंडी पिंजऱ्यात (रिंग उडाली तर अडवणाऱ्या) ठेवूनच हवा भरून घ्या. ज्या दुकानात पिंजरा नाही तिथं भरू नका, मग ते कितीही ओळखीचं असो.

अटलांटिक_पार

फार मोलाचा धागा चाललाय. मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. माझ्याकडे इथल्या सैन्याचा एम-३५ए-२ आहे, दहा चाकी, रिकामा सुमारे ५,९०० किलो. मूळचा साताऱ्याचा असल्यामुळे देवराईंचा उतार डोळ्यांसमोर आला.

फौजी काकांनी सांगितलेली गोष्ट या ट्रकलाही तंतोतंत लागू आहे. याचाही हॅन्डब्रेक ट्रान्स्फर केसच्या मागेच आहे. शिवाय पायाच्या ब्रेकचं सर्किट एकच. एक नळी फुटली की सगळ्या चाकांचे ब्रेक जातात आणि हातात तेवढा एक ड्रम राहतो. म्हणून इथले जुन्या लष्करी गाड्या जपणारे लोक हॅन्डब्रेकचं ऍडजस्टमेंट आणि त्यावर येणारं तेल याकडे फार काटेकोर लक्ष देतात. देवराई, ते गळणारं सील टायरच्या आधी बदला असं सुचवेन.

जॅकबद्दल माझा एक आग्रह: जॅकची क्षमता बघून भागत नाही, जॅकखालची जमीन बघा. समजा मागच्या एका चाकावर एक टन भार आहे आणि जॅकचं बूड बारा बाय बारा सेंटिमीटर आहे. म्हणजे जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सात किलो. ओली माती तेवढं सोसत नाही, बूड एका बाजूने रुतायला लागतं आणि जॅक कलतो. त्याखाली पंचेचाळीस बाय पंचेचाळीसची जाड फळी घातली तर तोच भार अर्ध्या किलोवर येतो. फळी किमान दोन इंच जाड आणि बिनतड्याची हवी.

जुना_फौजी

आता जॅकचं सविस्तर लिहितो, कारण टायरचं काम झालं तरी पुढे ब्रेक, हब, स्प्रिंग अशी कामं निघणारच आहेत.

टायर बदलायला एक्सलखालीच उचला. चेसिसखाली लावला तर आधी पाटे (स्प्रिंगा) लोंबकळेपर्यंत वर घ्यावं लागतं. गाडी फार उंच जाते आणि डुलायला लागते. एक्सलखाली जॅक शक्य तितका चाकाजवळ, पाट्याच्या यू-बोल्टच्या आतल्या अंगाला. डिफरन्शियलच्या गोल पोटाखाली कधीच नाही. तिथे जॅकचं डोकं घसरतं आणि झाकणाचा पत्राही दबतो. लोखंडावर लोखंड सरकतं म्हणून जॅकच्या डोक्यावर जुन्या टायरचा तुकडा ठेवा.

हवा काढून झाली, नट पाव आटा सैल केले, मगच उचलायचं. उचलल्यावर जोर लावून नट सोडत बसलात तर तो सगळा हिसका जॅकला बसतो. एका वेळी एकच चाक. बाकी तिन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे. गाडी वर जाताना एक्सल किंचित कमानीत फिरतो, त्यामुळे गाडीला थोडं पुढे किंवा मागे जायचं असतं. ठोकळा एकाच बाजूला असेल तर ती नेमकी दुसऱ्या बाजूला जाते.

टायर जमिनीपासून सुटला की लगेच एक्सलखाली स्टँड घाला. गॅरेजवाले घोडी म्हणतात ती. जॅक हळू सोडून भार स्टँडवर घ्या आणि गाडीला खांद्याने दोन-चार हिसके देऊन बघा. डुलायची असेल तर आत्ताच डुलू दे, तुम्ही बाहेर असताना. हायड्रोलिक जॅकचं सील जुनं असेल तर तो बघता बघता खाली बसतो, म्हणून जॅकच्या भरवशावर हातसुद्धा आत घालायचा नाही. काढलेलं चाक आडवं करून चेसिसखाली सरकवून ठेवा. सगळं फसलं तरी गाडी त्या चाकावर येईल, माणसावर येणार नाही.

विटा आणि जांभ्याचे चिरे स्टँड म्हणून वापरू नका. चिरा दाबाखाली सूचना न देता फुटतो. स्टँड नसेल तर रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे तुकडे एकावर एक आडवे-उभे रचा.

घाटवळण

बाकी सगळं पटलं. एका गोष्टीवर विचारतो. पावसाळाभर उभी करताना हॅन्डब्रेक ओढून ठेवायचा की सोडून? आमचा मालक ओढून ठेवायचा, पण दसऱ्याला गाडी काढताना तो सुटायचाच नाही.

जुना_फौजी

सोडून ठेवायचा. कोयनेच्या पावसात ड्रमला गंज धरतो आणि लायनिंग त्याला चिकटतं. चार महिन्यांनी जबरदस्तीने गाडी ओढली की लायनिंग शूजवरून उखडून येतं. मग गाडी धरायला राहिले ठोकळे. म्हणून ते मन लावून बनवा म्हणतोय.

देवराई

पण काका, उतारावर, खाली गोठा, आणि हॅन्डब्रेक सोडलेला? घरचे ऐकणार नाहीत. खरं तर माझीही छाती होत नाही.

जुना_फौजी

तुमची काळजी योग्य आहे. म्हणून उतारावर उभीच करू नका. अंगणाचा वरचा कोपरा निवडा, तिथे गाडीच्या लांबीपेक्षा थोडा मोठा सपाट चौथरा खोदून घ्या. उताराला आडवी उभी करा. तोंड गोठ्याकडे नको आणि पाठही नको. म्हणजे सुटलीच तर तिला चाकावर घरंगळायला वाट नाही. खालच्या अंगाला चिऱ्यांचा गुडघाभर बांध घाला, आतून माती ठोकून. वरच्या अंगाला चर काढा, नाहीतर डोंगराचं पाणी चौथऱ्याखालून मुरूम घेऊन जाईल. पावसाळ्यात गाड्या सुटतात त्या ब्रेकमुळे कमी आणि चाकाखालची जमीन वाहून गेल्यामुळे जास्त. पहिल्या मोठ्या पावसानंतर चौथऱ्याच्या कडा बघून या, ठोकळे सैल झाले असतील तर पुन्हा ठोका.

टायर नवीन आहेत, तेव्हा चारही बाजूंनी एक्सलखाली स्टँड घालून टायरवरचा भार काढा. टायर जमिनीपासून बोटभर वर असले तरी पुरे. अशी गाडी घरंगळू शकत नाही. स्टँडखाली स्लीपर घाला म्हणजे ते रुतणार नाहीत. हा सगळ्यात निर्धास्त मार्ग आहे आणि यात हॅन्डब्रेक सोडलेला असण्याची भीतीच राहत नाही.

अटलांटिक_पार

स्टँडवर ठेवण्याबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. चौथरा ताजा भरावाचा असेल आणि एक कोपरा खचला, तर चार स्टँडवरची गाडी तीनवर येते आणि तिरकी होते. टायरवर उभी असती तर पाट्यांनी तो फरक गिळला असता. खोदून काढलेली जागा असेल तर स्टँड उत्तम. भराव टाकून केलेली असेल तर पहिला पावसाळा टायरवरच उभी करा, हवा पूर्ण भरून आणि आठही ठोकळे लावून.

जुना_फौजी

हे बरोबर आहे. मी खोदून म्हणालो ते त्यासाठीच, पण स्पष्ट लिहायला हवं होतं ते तुम्ही लिहिलंत. देवराई, अर्धा भराव निघाला तर टायरवरच ठेवा.

कायदेकट्टा

उभ्या गाडीबद्दल कायदाही बोलतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६: चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस नसेल तर सार्वजनिक ठिकाणी गाडी उभी ठेवताना इंजिन बंद हवं आणि ब्रेक लावलेला, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी अन्य तजवीज केलेली हवी. बाजारात, शाळेच्या पटांगणावर टायरचं काम करताना ठोकळे लावा, ते कायद्यालाही धरून आहे.

अशा गाड्या नव्याने घेऊ पाहणाऱ्यांसाठी: लिलाव 'जसे आहे तसे' तत्त्वावर असतात आणि नोंदणीला लष्करी अधिकाऱ्यांकडचं नमुना २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. ते हरवलेली गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. आणि देवराई, मूळ रूपात आणायची म्हणालात, पण ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच राखीव आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ बघा. दुसरा रंग निवडा.

देवराई

रंगाचं माहीत नव्हतं, मोठा खर्च वाचवलात. आभार.

आता शेवटचा भाग. चोरीचं काय? गाडी चोरीला जाईल असं वाटत नाही, पण बॅटरी आणि डिझेल आमच्या भागात राहत नाही. शिवाय गावातली पोरं दिवसभर त्या गाडीवर चढलेली असतात. त्यांना हाकलायचं मनात येत नाही, गाडी आहेच तशी.

घाटवळण

या बाबतीत मी सांगू शकतो.

मूळच्या लष्करी गाड्यांना बऱ्याचदा चावीच नसते. स्विच फिरवला की करंट चालू. तुमच्या गाडीला डिझेल बसवताना काय केलंय ते बघा. बॅटरी काढून घरात ठेवा, महिन्यातून एकदा चार्ज करा. १२ व्होल्टची एक आहे की दोन जोडून २४ केलेत, ते काढायच्या आधी वायरींचा फोटो काढून ठेवा.

पण बॅटरी नसली म्हणजे गाडी सुरू होणार नाही असं समजू नका. जुन्या डिझेल इंजिनाला फिरलं की पुरतं, करंट लागत नाही. उतारावर ढकलली आणि गिअरमध्ये सोडली की बॅटरीशिवाय सुरू होते, आम्ही कितीदा केलंय. म्हणून डिझेलच्या लाइनवर फिल्टरच्या आधी एक छोटा कॉक बसवा, सहज न दिसेल अशा जागी, आणि तो बंद करा. टाकीच्या झाकणाला कुलूप. टाकी पूर्ण भरून ठेवली तर आत दव धरून पाणी साचत नाही, पण कुलूप नसेल तर भरून ठेवण्यात अर्थ नाही. स्टेपनीला साखळी हवीच. सगळ्यात आधी तीच जाते.

आणि फौजी साहेबांनी जी ट्रान्स्फर केसची छोटी दांडी सांगितली ना, तिला कुलूप लावा. पोरं केबिनमध्ये शिरली की दांड्याच ओढतात. ती न्यूट्रलवर आली तर गिअरचा काहीच उपयोग नाही. दांडीला लोमध्ये धरून सीटच्या फ्रेमशी साखळी-कुलूप करा. मी दगडावर भागवलं ते खरं, पण आमची गाडी रिकामी कधी नसायची, कुणीतरी कायम जवळ असायचं. तुमच्या अंगणात पोरं खेळणार आहेत.

जुना_फौजी

घाटवळण साहेब, हे उत्तम सांगितलंत. त्यात भर: स्टँडवर असेपर्यंत पोरांना गाडीवर अजिबात चढू देऊ नका. कुंपण घाला, बांबूचं चालेल. दसऱ्याला गाडी चाकांवर आली की चढू देत मनसोक्त.

सायलेन्सरच्या तोंडात पत्र्याचा डबा उलटा बसवा, नाहीतर पाणी थेट इंजिनपर्यंत जातं, आणि स्टीअरिंगला पाटी अडकवा की डबा बसवलाय. ताडपत्री गाडीला घट्ट लपेटू नका. आत वाफ कोंडते आणि पत्रा वरून भिजला नसता तेवढा आतून भिजतो. बांबूचा सांगाडा करून वर टाका, खालून वारा खेळू द्या. उंदीर वायरी खातात, म्हणून केबिनमध्ये धान्याची रिकामी पोतीसुद्धा ठेवू नका.

देवराई

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय ते लिहितो. आधी सील आणि हॅन्डब्रेकचा ड्रम. मग सोसायटीच्या गोदामासमोर, काँक्रीटवर, एकेक चाक, हवा पूर्ण काढून. डिस्क बघितल्या, लॉक रिंगच्या आहेत. डाव्या स्टडवर एल आहे. सुतार बाभळीचे ठोकळे करून देतोय. चौथरा पूर्ण खोदकामातलाच होईल असं चुलते म्हणतात, म्हणजे स्टँडवर ठेवता येईल. पुढच्या शाफ्टसाठी ठेकेदाराच्या शेडमध्ये शोधतोय, कुठेतरी पडलेला असावा.

टायरवाले भाऊ, एक राहिलं. नट परत बसवताना स्टडला ग्रीस लावू का, पुढच्या वेळी गंजू नयेत म्हणून?

टायरवाला_कराड

ग्रीस नको. आट्यांवर तेलाचा थेंब चालेल, पण नट डिस्कवर जिथं बसतो ती शंकूसारखी जागा कोरडी आणि स्वच्छ हवी. तिथं ग्रीस गेलं तर नट सैल पडतात. समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळा, एकामागून एक गोल फिरत नको. चाक हवेत असताना नुसते टेकवा, शेवटचा जोर टायर जमिनीला लागल्यावर. गोदामापासून घरी आणल्यावर पुन्हा एकदा सगळे नट बघा, नवीन बसवलेलं चाक पहिल्या काही मैलांत बसतं. स्टँडवर चढवायच्या आधीच हे उरका, कारण वर गेल्यावर जोर देता येणार नाही.

शाफ्ट मिळाला तर त्याचे क्रॉस (टोकाचे सांधे) घेऊन कराडला या, आकार जुळवून देतो.

देवराई

येतो. ठोकळ्यांचे आणि चौथऱ्याचे फोटो मृगाच्या आत टाकतो.